चाकांवरचं घर आणि घरातली बाई

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ असं आपण एखाद्याला जरा हिणवूनच म्हणतो. पण मे महिन्याची सुट्टी किंवा गणपती जवळ आले, की आपल्यालाही तेच बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघावंसं वाटू लागतं. हॉटेलचं बुकिंग नको, अनोळखी गाद्या नकोत, मुलांच्या खाण्याचे हाल नकोत. आपली गाडी, आपलं अंथरूण, आपली चहाची किटली. मनात येईल तिथे थांबावं, मनात येईल तेव्हा निघावं.

परदेशात ही हौस जुनी आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त आरमारी डॉक्टरांनी १८८५ साली ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी खास बांधून घेतली आणि इंग्लंडहून थेट स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. निव्वळ हौसेखातर बांधलेलं चाकांवरचं पहिलं घर म्हणून त्या गाडीचं नाव घेतात. मात्र डॉक्टरसाहेबांच्या दिमतीला एक नोकर आणि एक गाडीवान होता, हे मैत्रिणींनो, लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडे चाकांवरचं घर हौसेचं कधी नव्हतंच. गाडीलोहारांचे संसार बैलगाडीतच थाटलेले असत. आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला निघालेली कुटुंबं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरुणं आणि लेकरं घेऊन जाताना दिसतात. गाडी कुठेही थांबो, चूल मांडायची ती बाईनेच.

म्हणून चाकांवरचं घर सजवायला घेण्याआधी एक प्रश्न विचारायचा. हे घर नक्की कुणाच्या सोयीसाठी? बाईची सुट्टीही त्यात धरलेली आहे, की तिचं स्वयंपाकघर तेवढं मुलुंडहून उचलून मालवणला न्यायचं आहे?

घर कुठलं घ्यावं?

इंग्रजी सिनेमात दिसतात तसे मोटारीच्या मागे जोडायचे ट्रेलर आपल्याकडे क्वचितच दिसतात. उपनगरातल्या सोसायटीत साधी मोटार लावायला जागा मिळण्याची मारामार, तिथे ट्रेलर कुठे ठेवणार? शिवाय त्याची वेगळी नोंदणी लागते, आणि घाटातल्या वळणांवर तो मागे घेणं हे मोठं कौशल्याचं काम. त्यामुळे आपल्यासाठी दोनच मार्ग खरे: घरासारखी सजवलेली कॅराव्हान भाड्याने घ्यायची, किंवा घरच्या व्हॅनला अथवा टेम्पो ट्रॅव्हलरला लांबच्या प्रवासायोग्य करायचं.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. केरळनेही त्याच वर्षी तसं पाऊल उचललं. तेव्हापासून भाड्याच्या कॅराव्हानची कल्पना आपल्याकडेही रुळू लागली आहे. हिशेब साधा आहे. वर्षाकाठी आपण वीस दिवस फिरणार असू, तर उरलेले ३४५ दिवस ती गाडी सोसायटीत उभी राहणार, आणि विमा व देखभाल चालूच राहणार. म्हणून पहिल्या एक-दोन सहली भाड्याच्या गाडीतून कराव्या. आपल्याला काय लागतं आणि काय लागत नाही, ते तिथेच कळतं.

आमच्या घरी धाकटे दीर आणि आम्ही मिळून एक वापरलेली टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. दर गणपतीला दोन कुटुंबांनी कणकवलीकडच्या गावी जायचं, म्हणून ती परवडली. अशी गाडी घेतल्यावर आतली आसनं काढून पलंग, ओटा ठोकायचा मोह होतो. पण मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ सांगतं, की नोंदणी-पुस्तकात लिहिलेलं गाडीचं रूप मालकाला परस्पर बदलता येत नाही. कॅराव्हानसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानकही आहे. तेव्हा अंधेरीकरांनी अंधेरीच्या, बोरिवलीकरांनी बोरिवलीच्या आणि मुलुंड-घाटकोपरच्या मंडळींनी वडाळ्याच्या आरटीओत आधी चौकशी करावी, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावं. न विचारता केलेल्या बदलामुळे अपघातानंतरचा दावा अडू शकतो.

आधी मोरी, मग माजघर

गाडीत पहिली सुधारणा कोणती करायची, असं विचारलं तर पुरुषमंडळी सांगतात, टीव्ही, फ्रिज, छतावर दिवे. माझं उत्तर ठरलेलं आहे: संडास.

बायकांना याचं कारण सांगायला नको. मुंबईहून कोकणात जायचं म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोमीटर, आणि गर्दीच्या दिवसांत त्याला किती तास लागतील याचा नेम नाही. वाटेत स्वच्छ, कडीचं, पाणी असलेलं ठिकाण मिळेलच असं नाही. म्हणून आपण काय करतो? निघाल्यापासून पाणीच पीत नाही. उन्हातान्हात दिवसभर पाण्यावाचून बसायचं, लघवी दाबून ठेवायची, आणि गावी पोचल्यावर जळजळ, ताप, पोटदुखी यांनी आजारी पडायचं. घरातल्या तरुण मुलीच्या पाळीचे दिवस असले, तर विचारूच नका.

आमच्या सासूबाईंनी गुडघ्यांमुळे सहा वर्षं गावचा गणपती पाहिला नव्हता. कोकण रेल्वे आहे, पण गणपतीतलं तिकीट, जिने आणि गर्दी त्यांना झेपत नव्हती. मोटारीतून न्यावं म्हटलं, तर त्या म्हणत, “मला पाणी विचारू नकोस गं. उगाच चार माणसांत उतरवून धरून न्यावं लागतं.” गाडीत संडास बसवला त्या वर्षी त्या आल्या. वाटेत दोनदा आपणहून पाणी मागून घेतलं. आमच्या गाडीला लागलेला सगळा खर्च मला तिथेच वसूल झाल्यासारखा वाटला.

यासाठी पेटीसारखा सुटा संडास मिळतो. वरच्या भागात स्वच्छ पाणी, खालच्या भागात सुमारे वीस लिटरची मैल्याची टाकी, आणि मध्ये सरकणारी झडप. गाडीला भोक पाडावं लागत नाही. भोवती जाड पडदा आणि हाताला धरायला घट्ट दांडा एवढं असलं, की म्हातारं माणूसही निर्धास्त होतं. मात्र बसायचं ते गाडी पूर्ण थांबवूनच.

त्याची निगा अशी:

खालच्या टाकीत त्यासाठी मिळणारं द्रव्य आणि थोडं पाणी आधीच घालावं, म्हणजे वास येत नाही. टाकी भरायची वाट न पाहता रोज रिकामी करावी, तीही संडासातच. ओढ्यात, शेतात, रस्त्याकडेला कदापि नाही. आपली सोय म्हणजे दुसऱ्याच्या दारची घाण होऊ नये. ॲसिड किंवा कडक फिनेल वापरू नये, कारण झडपेची रबरी पट्टी त्याने खराब होते. त्या पट्टीला व्हॅसलिन किंवा खोबरेल तेलही लावू नये. सिलिकॉनचं वंगण मिळतं, ते बोटभर लावावं.

पाण्याची टाकी

टाकी अन्नपाण्यासाठी योग्य अशा प्लॅस्टिकचीच हवी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. साठ लिटरची टाकी भरली, की एक जास्तीचं मोठं माणूसच गाडीत बसलं म्हणायचं! म्हणून टाकी खाली, शक्यतो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात बसवावी, आणि वाटेत पाणी मिळणार असेल तर ती काठोकाठ भरू नये. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये असावं.

गाडी महिनाभर उभी होती, की टाकी धुतल्याशिवाय वापरायची नाही. ५० लिटर पाण्यात सोडियम हायपोक्लोराइटचं ५ टक्के तीव्रतेचं, वास-रंग न घातलेलं द्रावण ५० मिलिलिटर घालावं. नळ सोडून ते सगळ्या नळ्यांत पोचू द्यावं, चार तास तसंच ठेवून ओतून द्यावं. मग वास जाईपर्यंत दोन-तीनदा साध्या पाण्याने खळबळावं. सहलीहून आल्यावर टाकी पूर्ण रिकामी करून झाकण उघडं ठेवावं.

गॅसशी खेळ नको

आपल्या स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो पाण्यासारखा खाली जमिनीलगत साचतो. घरात निदान खिडकी-दार मोठं असतं. बंद गाडीत ठिणगी पडायला मोबाइलचा चार्जरही पुरतो. म्हणून घरचा १४.२ किलोचा मोठा सिलिंडर गाडीत चढवू नये. पाच किलोचा छोटा पुरतो. तो उभा, पट्ट्याने घट्ट बांधलेला, आणि गळलेला गॅस तळाच्या जाळीतून थेट गाडीबाहेर जाईल अशा वेगळ्या कप्प्यात असावा. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद, हा नियम आमच्याकडे लहान मुलालाही पाठ आहे.

सिलिंडरच्या गळ्याच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं तिमाहीप्रमाणे. त्या तारखेपर्यंत सिलिंडरची पुढची चाचणी व्हायला हवी. तारीख उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करावा. रबरी नळीवरचीही मुदत बघावी, आणि प्रत्येक सहलीआधी सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावं. काडी ओढून बघण्याचा शहाणपणा कुणी करू नये.

स्वयंपाक होता होईल तो गाडीबाहेर, वाऱ्याला आडोसा करून करावा. दाराजवळ हाताला लागेल असं पावडरचं अग्निशामक टांगावं, आणि त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दर महिन्याला बघावं.

आणखी एक. थंडीत किंवा पावसात सगळ्या काचा लावून, शेगडी पेटवून किंवा इंजिन चालू ठेवून कधीही झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. एसीच्या गारव्यापायी इंजिन चालू ठेवून झोपलेल्यांचे प्राण गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्या वायूची सूचना देणारी छोटी घंटा मिळते, ती लावावी. पण इंजिन बंद हीच खरी खबरदारी.

विजेचा हिशेब

बायका महिन्याचं वाणसामान बसवतात, तसाच हा हिशेब आहे. गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवर आतले दिवे-पंखे चालवले, तर सकाळी गाडी सुरूच होणार नाही. म्हणून घरकामाची बॅटरी वेगळी हवी. ती प्रवासात इंजिनवर भरली जाते.

१२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-अवर. साधी शिशाची बॅटरी असेल, तर तिच्यातली अर्धीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर बाद होते. म्हणजे हाती राहिले ६००. आता खर्च बघा. २० वॉटचे दोन पंखे आठ तास म्हणजे ३२०. पाच वॉटचे तीन दिवे पाच तास म्हणजे ७५. चार मोबाइलचे साधारण ६०. झाले ४५५. एका रात्रीचा संसार यात आरामात भागतो. पण १००० वॉटचा एसी लावलात, तर तेच ६०० अर्ध्या तासाहून थोड्या वेळात संपतील. इंडक्शनची शेगडीही तशीच खादाड, ती बाहेरून वीज मिळेल तिथेच लावायची. लिथियमच्या बॅटरीतून जास्त वीज काढता येते, पण ती महाग पडते. छतावरचं १०० वॉटचं सौर तावदान चांगल्या उन्हात दिवसाला चारशेच्या आसपास वॉट-अवर देतं. पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नये.

वायरिंग मात्र जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावं. आमच्या गाडीत एका गॅरेजवाल्याने बॅटरीपासून फ्यूज न घालताच तार ओढली होती आणि ती पत्र्याच्या धारेवरून नेली होती. दिरांनी मागचं फळकूट काढून पाहिलं म्हणून कळलं. बॅटरीला लागूनच फ्यूज, आणि तार जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी कडी, या दोन गोष्टी स्वतः डोळ्यांनी बघून मगच पैसे द्यावेत.

टायरचं वय

साडीसारखाच टायरही नुसता ठेवून जुना होतो. फार न वापरलेल्या गाडीचे टायर दिसायला नवे असतात, पण रबर वाळलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३१२१ असेल, तर तो २०२१ सालच्या ३१व्या आठवड्यात तयार झाला. पाच-सहा वर्षं उलटली असतील, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय लांब निघू नये. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. ७०१ किलोमीटरचा काँक्रीटचा रस्ता, वेग मोठा, वर विदर्भातलं ऊन. तिथे जुन्या, कमी हवा भरलेल्या टायरला अक्षरशः घाम फुटतो.

हवा सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना तपासावी. स्टेपनीला विसरू नये! घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये उतरावं, हे चालवणाऱ्याला आपण शेजारी बसून सांगितलं तरी चालतं.

सामान भरताना जड ते खाली, हलकं ते वर. डब्यांच्या मध्ये जुन्या सुती साड्यांचे तुकडे घालावेत, म्हणजे खडखडाट होत नाही. काचेच्या बरण्या घरीच बऱ्या. प्रत्येक फडताळाला कडी हवी. आणि गाडी चालू असताना पलंगावर कुणीही आडवं व्हायचं नाही. सगळ्यांनी आसनावर, पट्टा लावूनच बसायचं.

चार महिने पावसाचे

आपल्या उपनगरांत उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचे खरे शत्रू तीन: गळती, बुरशी आणि उंदीर.

मे महिन्यात घराची डागडुजी करतो तेव्हाच गाडीचंही छत तपासावं. झरोका, सौर तावदान, खिडक्या यांच्या कडेचं सिलिकॉन फाटलं असेल तर खरवडून नवं भरावं. वरून पाईपने पाणी मारून आत हात फिरवला, की गळती लगेच कळते. गाद्या, पडदे, उशा पावसाळ्याआधी घरात आणाव्यात. उघडीप मिळाली, की खिडक्या तासभर उघडाव्यात. ओली ताडपत्री वा ओला टॉवेल गाडीत राहू देऊ नये.

उंदीर अन्नाच्या वासाने येतात आणि वायरी कुरतडतात. बिस्किटाचा चुरासुद्धा ठेवू नये, आणि खालच्या भोकांना बारीक तारेची जाळी लावावी. समुद्रकाठाहून आल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, नाहीतर खारी हवा पत्रा खाते. पंधरा दिवसांतून एकदा गाडी अर्धा तास फिरवून आणावी. नुसती जागच्या जागी सुरू करून फारसा उपयोग नाही.

कामाची हजेरी

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे हजेरीपटाची सवय अंगात मुरलेली. गाडीचीही एक वही केली आहे. डावीकडे कामं, उजवीकडे नावं. टायर, तेल, पाना यांवर ह्यांचं नाव. संडासाची टाकी दिरांकडे. पाणी भरणं माझ्या मुलीकडे, झाडलोट पुतण्याकडे. गॅस आणि अग्निशामक मी बघते. सकाळचा चहा आळीपाळीने. पहिल्या सहलीला थोडी कुरकुर झाली, पण वही दाखवली की बोलणंच खुंटतं.

स्वयंपाकाचाही पसारा मांडू नये. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, मेतकूट, तिळाची चटणी, लाडू आणि फळं यांवर पहिले दोन दिवस निघतात. पुढे एक वेळ बाहेर, एक वेळ खिचडी. सुट्टीत चारी ठाव शिजवलं नाही म्हणून कुणी उपाशी राहत नाही!

मुक्कामाला आडरानात थांबू नये. पर्यटन महामंडळाच्या निवासांत किंवा देवस्थानच्या भक्तनिवासाच्या आवारात आधी फोन करून परवानगी विचारावी. दिवे, माणसांची वर्दळ आणि पाणी असेल तीच जागा आपली. समुद्राच्या वाळूत गाडी उतरवण्याचा हट्ट कुणी धरला, तर सरळ नाही म्हणावं.

आणि पहिल्याच फेरीला नागपूर किंवा गोवा गाठू नका. एखाद्या शनिवारी कार्ल्यापर्यंत जा, एक रात्र गाडीत झोपा, रविवारी परत या. काय गळतं, काय वाजतं, काय उगाच नेलं ते त्याच वहीत लिहा. निघताना सगळ्यांनी, विशेषतः बायकांनी, आपापली पाण्याची बाटली भरून घ्या. आणि ती वाटेत संपवा.